गणवेशातला किल्ट : एकसारखेपण की आपलेपण?

साशंक : स्काउटच्या गणवेशाचा मूळ हेतू काय होता, तिथूनच सुरुवात करू. १९०७च्या ऑगस्टमध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर २०-२२ मुलांचं शिबिर घेतलं. त्यातली काही बड्या घरची, महागड्या निवासी शाळांत शिकणारी. काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या बॉइज ब्रिगेडची, कामकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही मुलं एरवी एका पंगतीला बसली नसती. चळवळ वाढली तसा गणवेश आला आणि त्यामागचा बेडन-पॉवेल यांचा विचार स्पष्ट होता : अंगावर सगळ्यांच्या एकच शर्ट, गळ्यात एकच स्कार्फ, म्हणजे कोण कुठल्या घरातून आला हे कपड्यावरून कळू नये. आता स्कॉटलंडकडे बघा. तिथल्या स्काउटांना पँटऐवजी किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा लोकरी घागरा, घालायची मुभा आहे. चांगल्या शिवणीच्या मोठ्या किल्टला आठ यार्ड लोकरी कापड लागतं. सोबत कमरेपुढे लटकणारी चामडी पिशवी, जाड लांब मोजे, पट्टे, बक्कलं. नवा कोरा पोशाख घ्यायचा तर खर्च शेकडो पौंडांवर जातो. वर कापडाची चौकट कुठल्या घराण्याची, हेही जाणणाऱ्याला ओळखता येतं. ज्या कपड्यावरून बापाची ऐपत आणि आजोबांचं कूळ दोन्ही कळतात, तो या गणवेशात बसतो कसा? मला किल्टचा राग नाही. लग्नात घाला, सणाला घाला. पण ज्या एका ठिकाणी मुलाला आपल्या घराची ओळख दाराबाहेर ठेवून येता येतं, तिथे तरी ती परत आणू नये.

पुरस्कर्ता : समतेचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण कुठल्याच मुलुखाचा नसलेला, अगदी कोरा असा गणवेश कधी अस्तित्वात होता, हे मान्य नाही. ती रुंद काठाची टोपी आणि तो खाकी शर्ट आला कुठून? बेडन-पॉवेल यांनी १९०० साली दक्षिण आफ्रिकेत जे पोलीस दल उभं केलं, त्याच्या पोशाखातून. इंग्लंडातल्या मुलाला तो साधा वाटला, कारण तो त्याच्या साम्राज्याचा होता. मद्रासमधल्या मुलाला तो तितका साधा वाटायचं कारण नव्हतं. म्हणूनच ॲनी बेझंट यांनी १९१६ साली हिंदी मुलांसाठी वेगळी स्काउट संघटना काढली, तेव्हा टोपीच्या जागी फेटा आला आणि मुलं देशी गाणी गाऊ लागली. स्काउटपणात त्यामुळे काही उणं आलं का? वचन तेच राहिलं, नियम तेच राहिले. चळवळ ज्या मातीत जाते तिथलं काहीतरी अंगावर घेते आणि म्हणूनच ती तिथे टिकते. दुसरी गोष्ट, टार्टन, म्हणजे किल्टचं ते चौकटीचं कापड, तर स्काउट चळवळीच्या गळ्यातच आहे. १९१९ साली स्काउटमास्तरांच्या प्रशिक्षणासाठी गिलवेल पार्कची जागा विकत घ्यायला विल्यम डी बॉइस मॅकलारेन या स्कॉटिश गृहस्थांनी ७,००० पौंड दिले. तिथे सुरू झालेलं प्रशिक्षण पुरं करून वूड बॅज हे पदक मिळवणाऱ्या प्रत्येक स्काउटमास्तरच्या स्कार्फच्या टोकावर मॅकलारेन टार्टनचा लहानसा तुकडा शिवलेला असतो. जगभर असतो, भारतातही असतो. त्याने कुणाची समता मोडल्याचं मी ऐकलं नाही.

साशंक : तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. स्कार्फवरचा तो तुकडा सगळ्यांना एकच असतो. नागपूरचा असो, नैरोबीचा असो, त्याने आपल्या आजोबांचं आडनाव सांगायचं नसतं. ते दात्याचं ऋण आहे, घालणाऱ्याचं कूळ नव्हे. आणि फेटा? १९१६ सालच्या कितीतरी हिंदी मुलांच्या घरात बाप, चुलता रोज डोक्याला काहीतरी बांधत होते. बेझंटबाईंनी घरात होतं ते गणवेशात घेतलं. स्कॉटलंडमध्ये स्काउटची पथकं अगदी सुरुवातीला निघाली. ग्लासगोच्या पहिल्या पथकाची नोंद जानेवारी १९०८ची आहे. त्या ग्लासगोतली मुलं गोदीत राबणाऱ्यांची होती, डंडीतली तागाच्या गिरणीत काम करणाऱ्यांची. त्यांच्या बापांनी रोज किल्ट नेसला होता का? मुळीच नाही. किल्ट उत्तरेकडच्या डोंगराळ हायलंड भागाचा. दक्षिणेकडच्या सखल भागातले लोक, म्हणजे स्कॉटलंडची बहुसंख्य प्रजा, कित्येक पिढ्या त्या पोशाखाकडे दरोडेखोरांचा पोशाख म्हणून बघत आली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा सोहळा मांडला, राजाने स्वतः किल्ट चढवला आणि डोंगरातल्या लोकांचा पोशाख बघता बघता साऱ्या देशाचा झाला. कुठल्या घराण्याचं कुठलं टार्टन, याची यादी तर त्याच्याही नंतर पक्की होत गेली. १८४२ साली दोघा भावांनी प्राचीन हस्तलिखिताचा हवाला देऊन टार्टनचं मोठं पुस्तक छापलं. ते हस्तलिखित बनावट होतं. एवढ्या अलीकडे मांडलेला सोहळा मुलांना पूर्वजांचा वारसा म्हणून द्यायचा का?

पुरस्कर्ता : तुम्ही १८२२वर थांबलात. मी ७६ वर्षं मागे जातो. १७४६ साली कलोडनच्या रणात हायलंडच्या लोकांचा बंडावा मोडला आणि त्याच वर्षी लंडनच्या संसदेने त्यांच्या पोशाखावर बंदी घातली. त्या कायद्याच्या भाषेकडे लक्ष द्या. त्यात नुसते पुरुष नव्हते, मुलगेही नावानिशी घातले होते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांची कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त सरकारच्या फौजेतल्यांना. ही बंदी १७८२पर्यंत होती. म्हणजे दोन पिढ्यांतली मुलं हा कपडा अंगाला न लावता मोठी झाली. आणि त्याआधी तो खरोखर डोंगरात राबणाऱ्यांचा कपडा होता. लांबरुंद लोकरी वस्त्र जमिनीवर पसरायचं, त्याला चुण्या घालायच्या, कमरेला पट्टा आवळायचा, उरलेलं खांद्यावर टाकायचं आणि रात्री तेच सोडून पांघरायचं. आपल्या धनगराच्या घोंगडीसारखं एकच वस्त्र, सगळ्या कामांना पुरणारं. उघड्यावर झोपणाऱ्या, ओढे ओलांडणाऱ्या, गुरांमागे मैलोन् मैल चालणाऱ्या माणसाचा हा पोशाख. स्काउटला जे शिकायचं असतं ते सगळं या कपड्यात आधीच केलं गेलं आहे. आता परंपरा किती जुनी हे विचारायचं, तर स्काउटच १९०७चा आहे. मुलाला जे द्यायचं ते प्राचीन असलंच पाहिजे अशी अट घातली, तर तुमचा स्कार्फही द्यायला नको. एखाद्या समाजाने एक गोष्ट दोनशे वर्षं आपली मानून वापरली की ती त्याची होते. सुरुवात कुणी केली, यापेक्षा पुढे किती जणांनी ती जपली याला अधिक वजन आहे.

साशंक : पण घोंगडीसारखं जे वस्त्र तुम्ही सांगितलंत, ते आजचा स्काउट घालत नाही. तो घालतो शिवलेल्या चुण्यांचा आखूड किल्ट, आणि ती आवृत्ती १७२०-३०च्या सुमारास पुढे आली. लँकेशायरहून ग्लेनगॅरीला लोखंडाची भट्टी चालवायला आलेल्या थॉमस रॉलिन्सन या इंग्रजाने कामगारांच्या सोयीसाठी ती काढली, असं इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली मांडलं. त्यावर वाद आहे आणि तो वाद असू द्या. मला खटकतं ते दुसरंच. तुम्ही म्हणालात, बंदीच्या काळात सूट फक्त फौजेला होती. मग किल्ट जिवंत ठेवला कुणी? ब्रिटिश फौजेने. ज्यांच्या गावात हा कपडा गुन्हा ठरला, त्यांच्याच मुलांना हायलंड पलटणींत भरती करून परमुलखात धाडलं. महाराष्ट्राला हे दुरून ऐकायची गरज नाही. १८०३च्या सप्टेंबरात आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीने जे सैन्य उभं केलं, त्यात ७४वी आणि ७८वी या दोन हायलंड पलटणी होत्या. पाइप, ढोल, चौकटीचं कापड, ही सगळी सजावट पुढच्या शतकात साम्राज्याच्या रणवाद्यांबरोबर जगभर फिरली. म्हणून आपल्या शाळांच्या पाइप बँडमध्ये मुली आजही टार्टनचे घागरे घालून संचलन करतात. ते कापड कुठून आलं हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. स्काउट ही शांततेची चळवळ आहे. मुलाच्या कमरेला पलटणीचा वारसा बांधताना याचा विचार नको का?

पुरस्कर्ता : विचार हवा आणि पुरता हवा. त्याच कपड्याची दुसरी बाजू आयर्लंडमध्ये दिसते. १९०९ साली डब्लिनमध्ये काउंटेस मार्किएविच आणि बल्मर हॉब्सन या आयरिश राष्ट्रवाद्यांनी फियाना एरन ही मुलांची संघटना काढली. बेडन-पॉवेल यांचे स्काउट साम्राज्याचे आहेत, आपल्या मुलांना आपलं स्काउटिंग हवं, हा तिचा उघड हेतू. तिच्या गणवेशात किल्ट होता. आयर्लंडात तरी तो वंशपरंपरेचा कुठे होता? तिथल्या स्वाभिमानी लोकांनी तो त्या काळात जाणूनबुजून अंगावर घेतला, आपण कोण हे सांगण्यासाठी. फियानाचा कवायत शिकवणारा कॉन कोलबर्ट हा असाच किल्टचा आग्रही. १९१६च्या बंडानंतर इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. म्हणजे एकाच शतकात हाच कपडा साम्राज्याच्या सैनिकाच्या अंगावर होता आणि साम्राज्याविरुद्ध उठलेल्या मुलाच्याही. कापडाला स्वतःची निष्ठा नसते. घालणारा ज्या कामासाठी घालतो, त्याचा रंग त्याला चढतो. खाकीचंही तेच. ती पलटणीची होती, पुढे स्काउटची झाली आणि आपल्याकडे कित्येक पिढ्यांना खाकी म्हटलं की शाळेचं पथकच आठवत आलं. पलटणीचा कपडा मुलाच्या हातात येऊन सेवेचा होत असेल, तर ते त्या कपड्याचं भलंच झालं म्हणायचं.

साशंक : फियानाचं उदाहरण ऐकून माझी काळजी वाढते. गणवेशातला पोशाख मुलांना एका राष्ट्रभावनेकडे किती जोराने ओढू शकतो, हेच त्यातून दिसतं. ती भावना तुम्हाला न्याय्य वाटली, कारण समोर साम्राज्य होतं. दुसऱ्या वेळी ती तशी नसेल. २०१४ साली स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झालं, देश जवळपास दोन तुकड्यांत विभागला गेला. अशा वेळी अकरा वर्षांच्या मुलाच्या कमरेला काय आहे, याचा अर्थ रस्त्यावरचे लोक लावणारच.

पुरस्कर्ता : लावतील, पण त्यांना तो लावता येणार नाही. कारण स्कॉटलंडमध्ये किल्ट दोन्ही बाजूंचा आहे. वेगळं व्हायचं म्हणणाराही तो घालतो आणि राणीच्या नावाने पेला उंचावणाराही घालत आला. लग्नातल्या नवरदेवाला तुम्ही पक्ष विचारत नाही.

साशंक : ठीक, राजकारण बाजूला ठेवू. आता रानात या. स्काउटचा कपडा चिखलात उतरायला हवा. लोकरी किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो; स्कॉटलंडच्या पावसात भिजला की त्याहून जड, आणि तंबूत वाळत नाही. हायलंडच्या नेचांत गोचीड असतात, त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होतो. तिथे पाय झाकून फिरा असं सांगतात. कड्यावर दोर बांधून चढताना कमरेचा पट्टा किल्टवरून नीट बसत नाही. मुलगा वाढता असतो. पँटची दुमड सोडता येते. पण जुन्या पद्धतीच्या किल्टला खाली दुमड नसते, कापडाचा काठच तिथे येतो, त्यामुळे तो कमरेला सैल करता येईल, लांबीला मात्र वाढवता येणार नाही. आणि मुली? ब्रिटनच्या स्काउट संघटनेने १९७६ साली वरच्या वयोगटात, १९९१पासून सर्व गटांत मुलींना घेण्याची मुभा दिली आणि २००७पासून ते सगळीकडे लागू झालं. रूढीने किल्ट हा पुरुषी पोशाख. म्हणजे निम्म्या मुलांना जो परंपरेने लागूच नाही, तो आपण सगळ्यांचा म्हणून पुढे करतो.

पुरस्कर्ता : एकेक घेऊ. कड्यावर आणि गोचिडांच्या रानात किल्ट घालून जावं असं कुठलाच शहाणा स्काउटमास्तर म्हणणार नाही. तिथे साधी पँट. मात्र पावसाबद्दल डोंगर चालणारे वेगळं सांगतात : लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते आणि उघडा गुडघा ओल्या पँटपेक्षा लवकर सुकतो. बेडन-पॉवेल यांनी अर्धी चड्डी निवडली तीही याच हिशोबाने. स्काउट संघटनेच्या १९६६च्या सुधारणा अहवालानंतर ब्रिटिश स्काउटांची अर्धी चड्डी आणि ती रुंद टोपी गेली, लांब पँट आली. पहिल्या पिढीचा तो मोकळा गुडघा गणवेशात टिकून राहिला तो किल्टवाल्यांकडे. मुलींचं म्हणाल, तर हायलंड नृत्याच्या स्पर्धांत मुली कित्येक दशकं किल्ट घालून नाचताहेत. रूढी तिथे कधीच पुढे सरकली. आता मागे राहिलो तर आपणच. राहिला वाढता मुलगा. तुम्हाला जो दोष वाटतो तोच मला त्या कपड्याचा गुण वाटतो. उजव्या कमरेला दोन बक्कलं, डावीकडे एक पट्टा आतल्या चिरेतून बाहेर. चुण्या मागे, पुढे दोन सपाट पदर. कमरेला तो बराच सैल-घट्ट होतो. आखूड झाला की धाकट्याकडे जातो आणि चांगली लोकर कितीतरी मुलांना पुरते. पथकाने चार-पाच मापांचे किल्ट एका पेटीत ठेवले की कुणाच्या बापाला शेकडो पौंड मोजायला नकोत. मोठा मुलगा धाकट्याला तो नेसवतो. बसताना हाताचा तळवा मागून फिरवून चुण्या सारख्या करून मग टेकायचं, हे त्याला दाखवतो. संघनायकाने संघातल्या धाकट्याला हाताशी धरून शिकवायचं, ही बेडन-पॉवेल यांची पद्धत आणखी वेगळी ती काय?

साशंक : पेटीची कल्पना मला पटते, पैशाचा माझा आक्षेप तिने बराच विरतो. पण तुमच्याच बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली. रानात पँट, कड्यावर पँट, पावसात मर्जी. म्हणजे किल्ट उरला कशाला? वचनविधीला, संचलनाला आणि परदेशातल्या जांबोरीला, म्हणजे स्काउटांच्या मोठ्या मेळाव्याला. तिथे स्कॉटलंडचं पथक दिसलं की सगळे त्यांच्याबरोबर छायाचित्र काढायला धावतात. म्हणजे मुलगा तिथे देशाचा नमुना म्हणून उभा राहिला. ज्याच्या घरात हा कपडा आहे त्याला हे आवडेलही. पण आज ग्लासगोच्या पथकात पोलंडहून आलेल्या घरातली मुलं असतात, पंजाबी असतात, नायजेरियन असतात, आपल्या पुण्याहून गेलेल्या संगणक अभियंत्याची मुलगीही असू शकते. त्यांनी कुठलं टार्टन घालायचं? आणि घातलं, तर छायाचित्र काढणारा त्यांना विचारणारच, तुम्ही नक्की कुठले? जो प्रश्न त्या मुलांना वर्गात, बसमध्ये, दुकानात विचारला जातो, तोच आता गणवेशातही.

पुरस्कर्ता : हा तुमचा सगळ्यात जड आक्षेप आहे आणि मी तो हलक्यात घेणार नाही. टार्टनचं उत्तर सोपं आहे. कुठल्या घराण्याचं कापड कुणी घालावं यावर कायदा नाही, संकेत आहे. आणि ब्लॅक वॉचसारखी काही टार्टन कुणीही घालावीत अशीच मानली जातात. २००८च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही सुरू झाली. तिथल्या ज्यू, शीख, मुस्लिम समाजांनीही आपापली टार्टन तयार करून घेतली आहेत. नव्याने आलेल्या लोकांना त्या कापडात आपली चौकट विणावीशी वाटली. तुम्ही म्हणता, त्या मुलीला विचारतील, तू कुठली? मी म्हणतो, पँट घातली तरी विचारतील. तिच्या चेहऱ्यावर तो प्रश्न त्यांनी आधीच लिहून ठेवला आहे. फरक एवढाच की किल्ट घातलेली मुलगी म्हणू शकते, मी या पथकाची, या गावची. समाज जेव्हा आपला सगळ्यात जिव्हाळ्याचा कपडा नव्या मुलाच्या हातात देतो, तेव्हा तो त्याला पाहुणा मानत नाही. त्यापासून त्याला दूर ठेवणं, तेही समतेच्या नावाने, याने तो कायमचा पाहुणा राहील.

साशंक : हात पुढे करणं चांगलंच. पण समोरच्याला तो न घेण्याची मोकळीक खरोखर आहे का? नियम म्हणतो, मुभा आहे. कागदावर मुभा म्हणजे स्वातंत्र्य. पण चोवीस मुलांच्या पथकात तेवीस किल्ट आणि एक पँट, असं झालं की त्या एकाने न बोलताही काहीतरी जाहीर केलेलं असतं. कुणाला अंग उघडं राहण्याची लाज वाटते, कुणाच्या घरात गुडघा झाकावा असं मानतात, कुणाला नुसतं नको असतं. आता त्याला कारण द्यावं लागेल. आणि उलट बघा : तेवीस पँटी आणि एक किल्ट. त्या मुलालाही कारण द्यावं लागेल, कदाचित टोमणेही ऐकावे लागतील. म्हणजे माझा आक्षेप आता किल्टवर राहिलेला नाही. या मुभेतून जो एकटा पडतो, त्याच्यासाठी आहे. गणवेशाने जे ओझं उतरवायचं होतं ते नेमकं हे : आपल्या कपड्याचं कारण न देता चार जणांत उभं राहता येणं. सगळे एकसारखे दिसले नाहीत तरी चालेल. पण कुणालाच खुलासा द्यावा लागू नये, ही माझी कसोटी.

पुरस्कर्ता : ती कसोटी मी घेतो. एकसारखेपणाच्या व्याख्येपेक्षा ती चांगली आहे. पण तिच्यात एक पेच आहे. किल्टचं कारण कुणी विचारायचंच नाही असं ठरवलं, तर त्याची गोष्टही कुणी सांगणार नाही. १७४६चा तो कायदा, हद्दपारी, डोंगरातली ती वस्त्रं, असईचं रण, डब्लिनची मुलं, हे सगळं मुलाला कळलं नाही तर त्याच्या कमरेला फक्त चौकटीचं कापड उरतं आणि मग तुमचं म्हणणं खरं ठरतं, तो छायाचित्रापुरता उरतो. बरं, गोष्ट सांगावी तर तिच्यात वजन असतं. ती ऐकून ज्याने पँट निवडली, त्याला आपण काहीतरी नाकारलं असं वाटू शकतं. सगळी सांगावी, कुणाची बाजू न लपवता सांगावी आणि सांगून झाल्यावर निवड मोकळी ठेवावी. एवढंच मला सुचतं. बंदीही सांगायची आणि बनावट हस्तलिखितही. ज्या मुलाला दोन्ही माहीत आहेत, तो किल्ट घालेल तेव्हा आंधळेपणाने घालणार नाही, आणि नाही घातला तर घाबरून नाही असं होणार नाही.

साशंक : इथवर आपण आलो. तरी एका जागी जुळत नाही आणि ती जागा लहान नाही. नवं मूल पथकात आलं, तर पहिल्या दिवशी त्याच्या हातात काय द्यायचं? मी म्हणेन, फक्त स्कार्फ. तो सगळ्यांचा आहे. पेटी कोपऱ्यात असू द्या. मूल रुळलं, त्याने आपणहून विचारलं, की उघडा. निवड खरी व्हायची तर आधी त्याचे पाय तिथे घट्ट रोवायला हवेत.

पुरस्कर्ता : आणि मी म्हणेन, पेटी पहिल्याच दिवशी उघडा. कारण ज्या मुलाला ती दाखवलीच नाही, ते मूल आपणहून विचारणार नाही. ते मनाशी धरून चालेल की ती आपली नव्हे. तुमच्या वाटेने एखादं मूल वर्षानुवर्षं दारात थांबेल. माझ्या वाटेने एखाद्याला नको असताना हो म्हणावं लागेल. दोन्हींत कुणीतरी दुखावण्याचा संभव आहे. कुठली दुखापत कमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते ठरवताना त्या पथकातल्या मुलांनाच, आणि त्यातही सगळ्यात नव्या मुलाला, आधी विचारायला हवं. एवढ्यापुरतं तरी आपलं एकमत आहे.